दिवे त्यानं लावले, निलंबित मी झालो

मी एक परवाना बोलतोय. मोटारसायकलचा नव्हे, विमान चालवण्याचा. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण घरी आलो त्याच दिवशी एसटी ड्रायव्हर केरबानं मला आपल्या परवान्याशेजारी ठेवून पाहिलं आणि "फोटो माझाच बरा हाय," असं सांगून टाकलं. माझा स्वभाव चिडका झाला तो तेव्हापासून.

माझा जन्म दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयात झाला. जन्माच्या कळा मात्र ऋषिराजनं सोसल्या. दोनशे तासांचं उड्डाण, ढीगभर परीक्षा आणि डोळे, कान, छाती यांच्या तपासण्या झाल्या, तेव्हा कुठे मी त्याच्या हातात पडलो. त्यानं मला छातीशी धरलं. मला वाटलं, झालं, आता आयुष्यभर ढगांच्या वर राहायचं. पण ऋषिराज होता चिंचमळ्याचा, आणि चिंचमळा काही माणसाला सहजासहजी वर जाऊ देत नाही.

हे गाव इस्लामपूरपासून आत, उसाच्या मधोमध आहे. गावाची एक रीत आहे. ज्याच्या हातात गाडी, त्यानं गावाजवळून जाताना आवाज द्यायचा. केरबा फाट्यावर एसटीचा हॉर्न दोनदा वाजवतो. कारखान्याच्या ट्रकवरचा उदयसिंह तीनदा वाजवतो, कारण त्याची सासुरवाडीही गावातच आहे. हॉर्न ऐकला की घरातली बाई म्हणते, पोरगं पोचलं फाट्यापर्यंत, आणि भाकरी थापायला घेते. जो आवाज न देता जातो त्याच्याबद्दल गावात एकच प्रश्न विचारला जातो, "लय मोठा झाला व्हय?"

ऋषिराज बेंगळुरू-पुणे विमानावर सहवैमानिक झाला आणि ते विमान संध्याकाळी नेमकं चिंचमळ्यावरून जातं हे कळलं, तेव्हा पारावर बैठक बसली. विमानाला हॉर्न नसतो हे ऐकून केरबाला फार वाईट वाटलं. मार्ग काढला तो ऋषिराजच्या आजोबांनी. नाथाजी फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, सगळी नोकरी सिग्नलच्या, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या, पलटणीत गेलेली.

"हॉर्न न्हाई तर न्हाई," ते म्हणाले. "लाईट मार. आमी तर बत्तीनंच बोलायचो."

इथे ऋषिराजनं नाही म्हणायला हवं होतं. मी त्याच्या खिशातच होतो, पण परवान्याचं कोण ऐकतो? दुसऱ्याच आठवड्यात त्यानं गावावर येताच विमान उतरवताना लावायचे मोठे दिवे दोनदा चालू-बंद केले. खाली गच्च्यांवर माणसं उभी होती. संध्याकाळचे सहा बेचाळीस झाले होते; नाथाजींनी आपल्या वहीत फौजी पद्धतीनं नोंद केली: १८४२. लाईट दोनदा. नातू ठीक.

मग हे नेहमीचंच झालं. मी मनातल्या मनात चरफडायचो, पण खरं सांगतो, थोडा सुखावायचोही. एवढं मोठं विमान, आणि त्यानं एका म्हाताऱ्याला रामराम घालायचा. त्यात काय बिघडतं, असं मलाही वाटायला लागलं होतं. चूक तिथेच झाली.

जानेवारीत नाथाजींचं सहस्रचंद्रदर्शन आलं. एक्याऐंशी दिव्यांनी औक्षण ठरलं. ऋषिराजला सुट्टी मिळाली नाही, तेव्हा त्याची बहीण साक्षी हिनं फोनवर तोडगा सांगितला की इकडे आम्ही तबकात एक्याऐंशी दिवे लावतो, तिकडून तूही एक्याऐंशी वेळा लाव. आजोबांनी ते ऐकलं होतं आणि साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं. आता माघार कशी घेणार?

त्या संध्याकाळी कॅप्टनबाई दोन मिनिटांसाठी स्वच्छतागृहात गेल्या. ऋषिराजनं दिव्यांच्या बटणावर हात ठेवला आणि मोजायला सुरुवात केली. चुकू नये म्हणून मोठ्यानं मोजत होता. नियमाप्रमाणे त्या वेळी आत उभी असलेली हवाई सुंदरी प्राची हिला वाटलं, हा जप करतोय. ती बिचारी सांगलीची, जैनांच्या घरातली. जपाच्या मध्ये बोलायचं नसतं हे तिच्या अंगात मुरलेलं. ती हात जोडून गप्प उभी राहिली.

तेवढ्यात खालच्या नियंत्रण कक्षातून आवाज आला, आहे त्याच उंचीवर थांबा, खालून दुसरं विमान जातंय. ऋषिराज बत्तिसावर होता. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा पंचेचाळिसावर, तिसऱ्यांदा आला तेव्हा अठ्ठावन्नावर. आणि विमान आपलं शांतपणे खाली उतरत होतं. कॅप्टनबाई आत आल्या तेव्हा तो त्रेसष्ट म्हणाला. त्यांनी झडप घालून विमान थोपवलं. दोन विमानांमध्ये जेवढं अंतर असायला हवं, त्याच्या निम्मंच उरलं होतं. आमच्या विमानात एकशे अडुसष्ट माणसं होती. मी कागदाचा, पण त्या क्षणी मला घाम फुटला.

कॅप्टनबाईंनी रीतसर तक्रार केली. त्यांचं काहीच चुकलं नाही.

दिल्लीला चौकशी बसली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस असं काहीतरी ऐकू येत होतं. चौकशी करणाऱ्या साहेबांना वाटलं हा सांकेतिक मजकूर आहे. त्यांनी दोन दिवस त्याची फोड केली. शेवटी कार्यालयातल्या जतच्या एका मराठी कारकुनानं उलगडा केला की हा माणूस फक्त मोजतोय. काय मोजतोय असं विचारल्यावर ऋषिराजनं खरं ते सांगितलं, "आजोबांचं वय." साहेबांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

प्रकरण एका दिवसाच्या चुकीवर आणि तीन महिन्यांच्या निलंबनावर मिटलं असतं. पण तिसऱ्या दिवशी खुद्द नाथाजी दिल्लीत येऊन थडकले. कोटावर पदकं, डोक्याला फेटा, बगलेत वही. नातवाच्या बाजूनं पुरावा आणला होता त्यांनी.

"सायेब, पोरगं एक दिवस चुकलं न्हाई," त्यांनी वही टेबलावर ठेवली. "एकशेबारा दिवस. वेळेसकट लिवलंय."

ऋषिराजनं डोळे मिटले. मी फायलीत अंग चोरून घेतलं. एका दिवसाचा गुन्हा आता एकशेबारा दिवसांचा झाला होता. आता निलंबन कसलं, मी कायमचा रद्द होणार. रद्द झालेल्या परवान्याच्या कोपऱ्याला भोक पाडतात असं मी ऐकून होतो. मी माझे चारही कोपरे डोळे भरून पाहून घेतले.

साहेब शांतपणे एकेक नोंद उड्डाणांच्या यादीशी ताडून बघत होते. मग त्यांनी विचारलं, या एकशेबारा दिवसांपैकी तुमचा नातू या मार्गावर फक्त त्रेचाळीस दिवस होता, मग उरलेले एकोणसत्तर दिवस दिवे कुणी लावले? साहेबांनी एका तारखेवर बोट ठेवलं. त्या दिवशी ऋषिराज रजेवर होता, गावी, आजोबांच्या शेजारी गच्चीवर बसून हुरडा खात होता. तरी वहीत होतं: १८४२. लाईट दोनदा. नातू ठीक.

नाथाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांना सगळेच दिवे दोन दिसायचे. आणि संध्याकाळी आभाळात जे काही चमकेल तो त्यांना आपला नातूच वाटायचा. साहेबांनी वही मिटून त्यांच्या हातात दिली आणि हा पुरावा ग्राह्य धरता येत नाही असं लिहिलं. मला त्या वेळी हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

ऋषिराजनं मात्र दिवे पूर्वीही लावल्याचं स्वतःहून कबूल केलं. तीन महिन्यांचे सहा महिने झाले. वर पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा. गंमत बघा. दिवे लावले त्यानं, मोजले त्यानं, निलंबित झालो मी.

ते सहा महिने मी चिंचमळ्यात देव्हाऱ्यात काढले. ऋषिराजच्या आईनं, विजयमालाबाईंनी, मला बाळकृष्णाच्या शेजारी ठेवलं होतं आणि रोज माझ्या फोटोला कुंकू लागायचं. गावाला निलंबन म्हणजे काय हे तलाठ्यामुळे माहीत होतं. तो निलंबित होऊन परत आला तेव्हा त्याचा सत्कार झाला होता. त्यामुळे लोक भेटायला यायचे आणि शाल कोणत्या रंगाची आणू म्हणून विचारायचे. ग्रामसभेनं तर ठराव केला की दिव्यांबद्दल गावाची काही तक्रार नाही.

एका दुपारी ऋषिराजनं आजोबांना सगळं नीट सांगितलं. खालून जाणारं दुसरं विमान, निम्मं उरलेलं अंतर, सगळं. तोवर कुणी त्यांना ते सांगितलंच नव्हतं. नाथाजींनी हातातली वही मिटली.

"त्या दुसऱ्या इमानात," ते म्हणाले, "कुणाचा तरी आजा असंल की रं."

त्यानंतर त्यांनी दिव्यांचा विषय काढला नाही. त्याच महिन्यात ऋषिराजनं मिरजेला नेऊन त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करवून आणली. घरी बसलेल्या माणसाला वेळच वेळ असतो.

सहा महिन्यांनी मी देव्हाऱ्यातून उठलो. कुंकवाचा एक डाग अजून अंगावर आहे, तो काही जात नाही. पहिल्याच दिवशी तोच मार्ग आला, तीच वेळ. खाली चिंचमळा आला. ऋषिराजची बोटं एकदाच हलली, आणि मग त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवून खालून येणारा नियंत्रण कक्षाचा आवाज नीट ऐकला. गाव मागे गेलं. त्याचा श्वास मला खिशातून ऐकू येत होता. आता गावात प्रश्न निघणार, लय मोठा झाला व्हय, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

तेव्हा मंडळी, तुमच्या गावावरून एखादं विमान मुकाट्यानं गेलं तर रागावू नका. आत बसलेला गाव विसरलेला नसतो. आणि त्याच्या खिशात माझ्यासारखा एखादा गरीब परवाना असतो, ज्याला पुन्हा देव्हाऱ्यात बसायचं नसतं.

परवा ऋषिराज रजेवर घरी गेला. नाथाजी मळ्यात गेले होते, वही गच्चीच्या कठड्यावर होती. त्यानं ती उघडली. मीही खिशातून डोकावलो. अक्षर आता सरळ आणि स्वच्छ येत होतं. पानामागून पान, रोजची तीच एक नोंद:

१८४२. लाईट नाही. नातू ठीक.