सात पिढ्यांची कुपी

आमचे जावईबुवा गोंचिग हे तालुक्याचे हत्ती आहेत. मी जाडीवरून टोमणा मारत नाहीये, ती पदवी आहे. तालुक्याच्या नादामात, म्हणजे उन्हाळ्यातल्या कुस्त्या-शर्यतींच्या जत्रेत, जो कुस्तीच्या शेवटच्या फेरीपर्यंत पोचतो, त्याला हत्ती म्हणतात. हे पोचले होते, तरुणपणी, एकदाच, आणि त्या वर्षी वाळूच्या वादळानं रस्ते बंद पडून निम्मे पैलवान आलेच नव्हते. पण पदवीला ते कोण विचारतंय? तेव्हापासून हा माणूस कुणाच्याही घरी गेला की उंबऱ्याच्या अलीकडे जरा थांबतो, आतल्यांना उठून उभं राहायला वेळ मिळावा म्हणून.

अशा माणसाला माझी धाकटी बहीण, दारी, दिलेली. दारी गरीब गाय. तिच्या दोन्ही डोळ्यांची बुबुळं हळूहळू पांढरी पडत गेली आणि शेवटी उजेड आणि सावली एवढंच तिला कळायचं. सीमेपलीकडे, चीनमधल्या होहोतच्या दवाखान्यात तिचं नाव लावून ठेवलं होतं. कुणा मेलेल्या माणसाचं बुबुळ मिळालं की बोलावू, म्हणाले होते. अखेर फोन आला. परवा सकाळी हजर राहा, नाही आलात तर पुढच्या नंबरवाल्याला बसवू. बरोबरच आहे, बुबुळ काही लोणच्यासारखं मुरत ठेवता येत नाही.

मी यांजमा. माझे केस काळे होते तेव्हापासून मी या रुळांवरून सीमेपलीकडच्या एरेनचा माल उलानबातरला आणून विकतेय. रजया, पातेली, पोरांचे बूट, जे खपेल ते. त्यामुळे गाड्यांचा हिशेब मीच जुळवला. रात्रभर आमची गाडी, सकाळी झामिन-उदला आपल्या लोकांची तपासणी, मग पलीकडे एरेनला त्यांची, आणि तिथून दुपारची होहोतची गाडी. ती दुपारची गेली की त्या दिवसाला दुसरी नाही. एक सांगते, सीमेवर दोनच प्रकारची माणसं असतात. मुकाट रांगेत उभी राहणारी, आणि आपण कोण आहोत ते सांगणारी. दुसऱ्यांच्या पायी पहिल्यांच्या गाड्या चुकतात.

गोंचिगनं निघतानाच सुरुवात केली. त्याची थोरली बहीण, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून गाडीमागे दूध शिंपडतात ते शिंपडायला, भांडं घेऊन आली होती, आणि हा फलाटावर ओळखीच्या-बिनओळखीच्या प्रत्येकाला थांबवून, भेटीची रीत म्हणून, तपकिरीची कुपी पुढे करत होता. डब्याची देखरेख करणारी बाई शेवटी त्याच्यावर खेकसली तेव्हा चढला. चढल्यावर तिघांचे पासपोर्ट मागून घेतले आणि आपल्या छातीच्या खिशात ठेवले. पुरुषमाणूस बरोबर असताना बायकांनी कागद कशाला सांभाळायचे, म्हणे. मी दिले. गाढवाशी वाद घालण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय, उरलेलं मी जपून वापरते.

आता त्या कुपीबद्दल सांगायला हवं. आमच्या वडिलांकडे मधाच्या रंगाच्या दगडाची कुपी होती. दारी लहानपणी रोज ती लोकरी नमद्याच्या तुकड्यानं पुसायची आणि गालाला लावून बसायची. वडील गेले तेव्हा घरात मुलगा नव्हता, म्हणून कुपी जावयाकडे आली. जावईबुवांनी काय केलं? नादामच्या मैदानात कुणीतरी एक शिंगरू दाखवलं, हे पुढच्या वर्षी शर्यत मारणार म्हणून सांगितलं, आणि यांनी कुपी देऊन ते घेतलं. शिंगरू शर्यतीत शेवटून पहिलं आलं आणि हिवाळ्यात मेलं. मग हत्ती माझ्या दारात येऊन रडला. दारीला कळता कामा नये, ताई, ती मरून जाईल. तेव्हा दारीची नजर गेलेलीच होती. एरेनच्या बाजारात काचेच्या कुप्या टोपल्यांत भरून असतात. मी एक आणून दिली. त्या दिवसापासून हा ती काच मिरवतोय. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

झामिन-उदला गाडी थांबली. कस्टमचा साहेब डब्यात आला, तिशीतला, इस्त्रीचे कपडे, स्वभावानं चांगला वाटला. आमच्या बाकांच्या खणात आला, पासपोर्ट घेतले, दारीकडे बघून आवाज जरा खाली आणला. आजारी माणूस आहे, लवकर मोकळं करतो, म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात गोंचिगनं अंगरख्यात हात घातला आणि कुपी बाहेर काढली. झाकण जरा सैल करून, उजव्या तळहातावर ठेवून, साहेबापुढे धरली. कामावर असलेल्या माणसाला, आणि तेही कस्टमच्या! असला गाढवपणा आमच्याच लोकांनी करावा.

पण साहेबही शेवटी आमच्यातलाच. वडीलधाऱ्यानं पुढे केलेली कुपी नाकारायची नसते. त्यानं अदबीनं घेतली, हुंगली, उलटसुलट करून पाहिली, आणि अशा वेळी म्हणायचं असतं तेच म्हणाला.

"जुनी दिसते, काका."

"सात पिढ्यांची आहे," गोंचिग म्हणाला.

सात पिढ्या! आमच्या बापाची कुपी, ती यानं घोड्यापायी घालवली, हातात एरेनची काच, आणि पिढ्या मोजतोय स्वतःच्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. साहेबाचा चेहरा बदलला. एवढी जुनी वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, हे सीमेवरच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. त्यानं परवाना विचारला. गोंचिग म्हणाला, बापाच्या वस्तूला परवाना कसला?

साहेब खरंच भला माणूस. त्यानं बाहेर पडायचा रस्ता स्वतःच दाखवला. लोक बोलायच्या ओघात पिढ्या सांगतात, तशी असेल, नवीन असली तर तसं म्हणा आणि सुखानं जा, असं त्यानं दोनदा सांगितलं. मी गोंचिगच्या मांडीला चिमटा काढला. आजूबाजूच्या खणांतली माणसं दारात गोळा झाली होती आणि तेच वाईट झालं. प्रेक्षक मिळाले की याची छाती फुगते.

"तालुक्याचा हत्ती नवी कुपी वापरेल?" त्यानं साहेबाला नाही, त्या माणसांना विचारलं.

मी त्याच्या कानाशी लागले. म्हण ना बाजारातली आहे, तोंड काय झिजतंय? तो दातांतल्या दातांत म्हणाला, दारी ऐकतेय. बघा, कसा आव आणला. स्वतःची अब्रू झाकायला बायकोचं पांघरूण. आणि खरं सांगायचं तर माझीही जीभ तिथेच अडली. दारी शेजारीच बसली होती, हात मांडीवर, तोंड आवाजाच्या दिशेनं.

साहेबानं सुस्कारा सोडला. बाकीच्यांचे पासपोर्ट वाटून टाकले आणि आमचे स्वतःच्याच हातात ठेवले. सामान एकत्र, कागद एकत्र, तेव्हा तिघांनीही उतरायचं. जुन्या वस्तू पारखणाऱ्या बाई सोमवारी येतात, त्या सांगतील तसं. मी हात जोडले. दवाखान्याचं सगळं सांगितलं, बुबुळाचं सांगितलं, दुपारच्या गाडीचं सांगितलं. तो म्हणाला, मावशी, सात पिढ्यांचं मी ऐकलं नाही असं कसं म्हणू, सगळ्या डब्यानं ऐकलंय. यावर आमचे जावईबुवा उठून उभे राहिले. वरच्या फळीवरची बॅग काढायला लागले.

"उतरू की," तो म्हणाला. "दवाखाना कुठे पळून जातोय? डोळा काय, पुढच्या वेळीही बसवतील."

मला त्याचं नरडं धरावंसं वाटलं. धरलंही असतं, पण माझा हात त्याच्या मानेभोवती निम्माही पुरला नसता. खाली फलाटावर हिरवा झेंडा घेऊन माणूस आला होता. डब्याची बाई दारातून आमच्याकडे बघत होती, उतरताय का लवकर, अशा नजरेनं.

तेव्हा दारी बोलली. ती कुपी जरा माझ्या हातात द्या भाऊ, एवढंच म्हणाली. साहेबानं दिली. तिनं ती मुठीत धरली, मग गालाला लावली, लहानपणी लावायची तशीच.

"ही काच आहे," ती म्हणाली. "माझ्या बापाची कुपी दगडाची होती. कितीही वेळ धरा, गारच. ही लगेच कोमट होते. उजेडाला धरून बघा, भाऊ, एरेनच्या बाजारातली आहे."

साहेबानं कुपी खिडकीशी धरली. काचेत एक बुडबुडा अडकलेला होता, मलाही दिसला. दारातलं कुणीतरी फिसकन हसलं. गोंचिग बॅग हातात घेऊन उभा होता, लोण्याचा गोळा उन्हात ठेवावा तसा त्याचा चेहरा झाला होता.

"तुला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," दारी म्हणाली. "पण आज गाडी गाठायचीय."

साहेबानं शिक्के मारले. पासपोर्ट त्यानं गोंचिगच्या हातात दिले नाहीत, माझ्या दिले. गाडी हलली. गोंचिगनं काढलेली बॅग परत वरच्या फळीवर चढवली, आणि मला ते फार गोड लागलं.

एरेनला पलीकडच्यांची तपासणी. गोंचिगनं डॉक्टरसाठी आणलेला वाळवलेल्या दह्याचा डबा त्यांनी काढून घेतला. दुधाचं काही चालत नाही हे मी त्याला घरीच सांगितलं होतं. या खेपेला तो भांडला नाही. मी दारीचा दंड धरून पुढे, तो दोन्ही बॅगा घेऊन मागे, असे आम्ही एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर धावलो. तिकिटाच्या फाटकावरची मुलगी ते बंद करायलाच आली होती. तिनं दारीच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. होहोतच्या गाडीत आम्ही चढलो आणि दार लागलं. मी सीटवर बसून चक्क रडले.

वाटलं, आता तरी हा माणूस सुधारला. छे. अर्धा तासही गेला नसेल. समोर तिकडचंच एक म्हातारं जोडपं होतं, आपली भाषा बोलणारं. म्हाताऱ्यानं रीतीप्रमाणे कुपी पुढे केली. आता यानं काय करावं? आपली काढली, झाकण सैल केलं आणि दिली. म्हातारा म्हणाला, छान आहे. बस्स, एवढंच पाहिजे होतं.

"सात पिढ्यांची," गोंचिग म्हणाला. "आज कस्टमवाले घेतच होते. पण आमच्या हिनं काय डोकं चालवलं, म्हणाली काच आहे. तो मूर्ख फसला."

म्हातारा-म्हातारीनं दारीचं तोंड भरून कौतुक केलं. किती हुशार बायको, नशीब लागतं. मी दारीकडे पाहिलं. ती खिडकीच्या काचेला डोकं टेकून बसली होती. ओठ जरासे हलल्यासारखे वाटले. मला ती कुपी खिडकीतून फेकून द्यावीशी वाटली. या नव्या गाड्यांच्या खिडक्या उघडत नाहीत. पडलो तरी नाक वर, ही म्हण पैलवानांवरून पडली असणार, आणि ज्यानं पाडली त्याच्या घरीही असा एखादा जावई असणार.

बुबुळ बसलं. पट्टी निघाली तेव्हा पहिले काही दिवस धुकं होतं, मग हळूहळू माणसं दिसायला लागली. दारीनं नवऱ्याला पाहिलं आणि म्हणाली, तुमचे केस पांढरे झाले की. तो लाजला. त्याला त्यातही कौतुकच ऐकू आलं.

परतताना झामिन-उदहून गाडी सुटली तेव्हा बाहेर अजून लख्ख ऊन होतं. जावईबुवा बाकावर आडवे होऊन घोरत होते, कुपी उशाशी. दारीनं ती हळूच उचलली. बरीच वर्षं तिनं ती फक्त चाचपली होती. आता खिडकीशी धरली, फिरवून फिरवून पाहिली. उन्हात ती मधासारखीच दिसत होती, अगदी वडिलांची वाटावी अशी. बाजारात मी सगळ्या टोपल्या उपसून ती शोधली होती, दुकानदार वैतागला होता. यातलं एक अक्षर मी दारीला कधी सांगितलं नव्हतं. गोंचिगची तर सांगायची काय बिशाद.

"रंग मात्र हुबेहूब जुळवून आणलास, ताई," दारी म्हणाली. "यांच्या एकट्याच्यानं हे जमलं नसतं."

रागावून म्हणाली नाही. तिनं झाकण घट्ट लावलं आणि कुपी त्याच्या उशाशी होती तशी ठेवली. मी थर्मास उघडला, तिला चहा ओतला. तिनं कप दोन्ही हातांनी घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. मला तेव्हा खिडकीबाहेर बघायला काहीही चाललं असतं, पण गोबीच्या वाळवंटात बघायला काही नसतं.