बाकावरची तिसरी जागा

मित्रांनो, आधी बसा. उभ्या उभ्या बोललेलं मला रुचत नाही, कारण येणाऱ्याला बसवून घेणं एवढंच काम मला ठाऊक आहे. मी एक जुना सिमेंटचा बाक आहे. माझा उजवा पाय मोडका आहे आणि त्याखाली दोन विटा सरकवल्या आहेत, तेव्हा त्या बाजूला जरा बेतानं टेका. आता मी होळी गावात, क्रुसासमोर, नारळाच्या सावलीत आहे. पण माझं आयुष्य गेलं ते रेल्वे रुळांच्या पलीकडे, वसई पूर्वेच्या एका वसाहतीत.

माझा जन्म महामार्गाकडेच्या पत्र्याच्या शेडमधला. लोखंडी सळ्या, खडी, वाळू आणि सिमेंट साच्यात घातलं, की दुसऱ्या दिवशी बाक. मग ओल्या गोणपाटाखाली बरेच दिवस पडून राहायचं, पाणी पीत घट्ट व्हायचं. त्यानंतर एका रंगाऱ्यानं माझ्या पाठीवर लाल अक्षरांत लिहिलं, 'नगरसेवक दिनानाथभाऊ यांच्या प्रयत्नांतून'. अक्षरं एवढी ठसठशीत होती, की पहिले काही दिवस माझ्यावर रेललेल्या प्रत्येकाच्या सदऱ्यावर भाऊंच्या प्रयत्नांचा लाल डाग पडायचा. बायका भाऊंच्या नावानं बोटं मोडायच्या.

एव्हरशाईन सिटीच्या पुढे एक लहानशी बाग आहे. तिथं बदामाच्या झाडाखाली मला रोवलं. उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाले, 'बसायची फार छान सोय झाली' असं जो तो म्हणाला. माझी छाती फुगली होती. निवडणुकीची आचारसंहिता लागली, की पालिकेची माणसं येऊन भाऊंच्या नावावर कागद चिकटवायची आणि नंतर मुलं तो नखांनी खरवडायची. लोकशाहीची आणि माझी एवढीच ओळख होती. पुढे ती वाढली, आणि वाढली नसती तर बरं झालं असतं.

माझ्यावर तीन माणसं ऐसपैस बसत. डावीकडची जागा सुधाकरकाकांची. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे कोकणातले, गुडघ्यानं बेजार. सकाळ-संध्याकाळ नात ज्ञानदाला घेऊन यायचे आणि बसताना 'आई गं' म्हणायचे. मधली जागा फ्लॉसीबाईंची. त्या होळीच्या. वाडीतली केळी, पालेभाजी, सोनचाफ्याची फुलं टोपलीत घालून रिक्षानं पूर्वेला यायच्या, आमच्या फाटकाशी विकायच्या आणि टोपली रिकामी झाली की माझ्यावर पाय मोकळे करायच्या.

तिसरी जागा ऑगस्टीनची.

ऑगस्टीन घानाचा. उंच, काळाभोर, हळू बोलणारा. तयार कपडे घाऊक विकत घेऊन मायदेशी पाठवायचा त्याचा व्यवसाय. समोरच्या इमारतीत बायको जेसिका आणि मुलगी एलिसा यांच्यासह भाड्यानं राहायचा. वसाहतीतले सगळे त्याला नायजेरियन म्हणत. घाना नावाचाही एक देश आहे, हे कुणी ध्यानातच घेत नसे. पहिल्यांदा तो माझ्यावर बसला, तेव्हा शेजारी टेकलेले वसाहतीतले दोघे उठून गेले. त्यानंही ते पाहिलं. पुढच्या वेळी तो अगदी कडेला बसला, जणू अर्धाच बसलाय.

फ्लॉसीबाईंनीच त्याला नाव विचारलं. त्यानं सांगितल्यावर त्यांनी टोपली खाली ठेवली.

"ऑगस्टीन? अरे, माझ्या आजाचं नाव ऑगस्टीन! मग असा पाहुण्यासारखा काय बसलास? नीट टेक पाठ."

त्यानं पाठ टेकली. तेव्हापासून ती जागा त्याची झाली.

एलिसा आणि ज्ञानदा एकाच शाळेत, एकाच वर्गात. एलिसा इथंच जन्मली, त्यामुळे मराठी तिची इतकी सरावाची, की काकांनाच दामटायची. "आजोबा, सरका ना जरा, मला पण बसायचंय!" ऑगस्टीनचं मात्र धेडगुजरी चालायचं. "काका, गुडघा कैसा आहे आज?" काका म्हणायचे, "आहे तिथंच आहे बाबा, कुठं जातोय." मग दोघंही हसायचे. काका त्याला मराठी शिकवायचे, तो त्यांना फोनवर मायदेशातला समुद्र दाखवायचा. त्या दिवसांत मी फार सुखी होतो.

मे महिन्यात फ्लॉसीबाईंच्या गावात रोज संध्याकाळी क्रुसासमोर माळेची प्रार्थना होते. ती संपली, की उकडलेले चणे वाटतात. वाटणाऱ्यानं समोरच्याचं तोंड बघायचं नाही, नुसता पुढे आलेला हात बघायचा, अशी तिथली रीत. जो आला त्याला मूठभर. फ्लॉसीबाई सकाळी त्यातलेच चणे केळीच्या पानात बांधून आणायच्या आणि तीन पुड्या माझ्यावर ठेवायच्या. "प्रार्थनेला नाही आलात तरी खा. देव काय हजेरी घेत नाही." काका आधी जरा बिचकले, मग पुडी चाटूनपुसून संपवली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात महापालिकेची निवडणूक आली. बरीच वर्षं लांबलेली, त्यामुळे सगळेच उपाशी. भाऊंच्या विरुद्ध जितेश उभा राहिला. वसाहतीतलाच तरुण, बोलण्यात पटाईत. पाणी येत नव्हतं, गटारं तुंबली होती, पण त्यावर बोललं तर उत्तरं द्यावी लागतात. म्हणून जितेश सुरक्षेवर बोलू लागला. 'आपली वसाहत, आपली माणसं.' कुठंतरी अमली पदार्थ विकताना परदेशी माणसं पकडली गेली होती. ती बातमी खरी होती. पण तिचं बोट हळूहळू प्रत्येक काळ्या माणसाकडे वळलं. फाटकावरचा पहारेकरी ऑगस्टीनला रोज थांबवू लागला. भाऊंच्या माणसांनी पाहिलं की मुद्दा चालतोय, मग तेही तेच बोलू लागले. दोन्हीकडचे भोंगे माझ्या समोरूनच जायचे. इतर कशातही त्यांचं एकमत नव्हतं.

आणि मग ती संध्याकाळ आली. सांगायला जीव होत नाही, पण तेवढ्यासाठीच तुम्हाला बसवून घेतलंय.

रस्त्यापलीकडे बुढ्ढी के बाल विकणारा आला होता. दोन्ही मुलींनी हट्ट धरला. काकांचा गुडघा त्या दिवशी फारच धरला होता. ते म्हणाले, "ऑगस्टीन, जरा या दोघींना रस्ता ओलांडून घेऊन जा ना. माझ्यानं उठवत नाही." हे शब्द माझ्यावर बसूनच उच्चारले गेले. मी ऐकले. फ्लॉसीबाई तेव्हा फाटकाशी होत्या.

तो दोघींचे हात धरून गेला. वाहनं पाहून मुलींना सांभाळत नेलं, गुलाबी कापसाच्या दोन काड्या घेऊन दिल्या आणि परत निघाला. तेवढ्यात कुणीतरी लांबून फोनवर चित्रण केलं. त्यात दिसत होतं एवढंच, की एक काळा माणूस एका गोऱ्या मराठी मुलीला हाताला धरून नेतोय. खाली लिहिलं, 'मुलं पळवणारा. सावध राहा.' तो बागेत पोचायच्या आत ते चित्र वसाहतीभर पोचलं होतं.

माणसं धावत आली. जिन्यांवरून, दुकानांतून, मोटारसायकलींवरून. ज्ञानदाला कुणीतरी हिसकावून घेतलं. ऑगस्टीन एलिसाला पोटाशी धरून माझ्यावर बसला, आपल्याच जागेवर. बहुधा त्याला वाटलं असेल, की इथं आपल्याला ओळखतात.

जितेश गर्दीतून पुढे आला. खरं सांगायचं तर त्यानंच दोघातिघांना मागे लोटलं. मग त्यानं काकांना विचारलं, "काका, तुम्ही रोज इथं बसता. हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे का? पोरीला तुम्ही पाठवलंत याच्याबरोबर?"

ज्ञानदा ओरडत होती, "आजोबांनीच पाठवलं! आजोबांनीच!" पण रडणाऱ्या पोरीचं कोण ऐकतं? सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. ऑगस्टीननंही. तो हळूच म्हणाला, "काका, बोलो ना."

काकांनी मान वर केली. समोर गर्दी, गर्दीत स्वतःच्या इमारतीतली माणसं, वर गच्चीतून बघणारी सून. आयुष्यभर 'कशाला मध्ये पडा' म्हणत सरळ वाटेनं चाललेला माणूस तो. वाईट नव्हता हो. मी त्याचं वजन वर्षानुवर्षं झेललंय, मला माहीत आहे.

काका म्हणाले, "ओळख... अशी काही नाही. बसतो इथं कधीमधी. माझं लक्ष नव्हतं."

पुढचं थोडक्यात सांगतो. पहिला तडाखा बसला तेव्हा ऑगस्टीन एलिसावर वाकला. फ्लॉसीबाई टोपली टाकून आल्या आणि सरळ दोघांच्या अंगावर आडव्या पडल्या. "मला मारा आधी! माझ्या आजाचं नाव घेतलंय यानं, मारा मला!" बाईमाणसावर हात टाकायला माणसं कचरली. तेवढ्यात पोलीस आले. त्यांनी त्याला गाडीत बसवलं. गुलाबी कापूस माझ्या पायाशी मातीत चिकटून पडला होता.

पोलिसांना काहीच गैर आढळलं नाही. त्याच रात्री सोडलं आणि वर सल्ला दिला, की तुमच्याच सुरक्षेसाठी दुसरीकडे राहायला जा. घरमालकानंही हात जोडून खोली रिकामी करायला सांगितलं.

जायच्या सकाळी ऑगस्टीन एलिसाला घेऊन बागेत आला. ओठ सुजलेला. दोघं माझ्यावर बसून राहिले. टेम्पो फाटकाबाहेर हॉर्न वाजवत होता.

"पप्पा, आजोबा का नाही आले?" एलिसानं विचारलं.

तो म्हणाला, "गुडघा दुखत असेल."

एवढंच बोलला आणि उठला. माझ्या कडेवरून त्यानं एकदा हात फिरवला. मित्रांनो, सिमेंटला रडता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मला त्या दिवशी ते नव्यानं समजलं.

निवडणुकीत जितेश निवडून आला. गुलाल उतरायच्या आत त्यानं पहिलं काम हाती घेतलं, ते माझं. हा बाक आहे म्हणून तसली माणसं येऊन बसतात, असं ठरलं. शिवाय माझ्या पाठीवर भाऊंचं नाव, तेही ओघानंच बागेतून हटलं. भाऊंना कुणीतरी विचारलं, तर ते म्हणाले, "बाक माझ्या नावाचा असला तरी बसणारे माझे नाहीत." जेसीबी आलं. मी सहजी निघेना, म्हणून हिसडा दिला, आणि माझा पाय तिथंच मोडला. माझ्या जागी खांब रोवून त्यावर कॅमेरा बसवला. आता तो चारी दिशांना बघतो. कुणी दमलं तर त्याला दिसतं, पण बसवून घेता येत नाही.

मी पाण्याच्या टाकीमागे राडारोड्यात पडलो. कुत्री येऊन अंगावर झोपायची, पानाच्या पिचकाऱ्या पडायच्या. एके दिवशी फ्लॉसीबाईंनी मला पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा गॉडफ्रे भाजीचा टेम्पो आणि चार गडी घेऊन आला. "आई, हा मोडका दगड कशाला?" तो कुरकुरत होता. बाई म्हणाल्या, "दगड नाही रे, आमची बसायची जागा आहे. उचल."

असा मी होळीत आलो. पाठीवरचं नाव त्यांनी ब्रशनं घासून काढलं. दुसरं घातलं नाही.

या मे महिन्यात एका संध्याकाळी रिक्षा थांबली आणि सुधाकरकाका उतरले. फार खंगले होते. बागेत बसायला काही उरलं नाही, म्हणून त्यांचं घराबाहेर पडणंच सुटलं होतं. ज्ञानदा त्यांच्याबरोबर कुठं जात नाही, असं त्यांनी बाईंना सांगितलं. मग पुटपुटले, "त्याचा काही पत्ता..."

"नंबर बंद आहे," फ्लॉसीबाई म्हणाल्या. त्यांच्या मनात पुष्कळ होतं, मला कळत होतं. पण त्या एवढंच बोलल्या, "बसा. प्रार्थना सुरू होतेय."

काका 'आई गं' म्हणत आपल्या जागी, डावीकडे बसले. बाई मध्ये. प्रार्थना संपली. विनी नावाची मुलगी चण्यांचं पातेलं घेऊन रांगेनं आली. काकांचा हात पुढे झाला, तिनं मूठभर चणे घातले. काकांनी दुसरा हातही पुढे केला, माझ्या रिकाम्या टोकाकडे मानेनं दाखवत.

विनीनं विचारलं, "तिथं कोण आहे?"

साऱ्या अंगणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं काका म्हणाले, "ऑगस्टीन. माझ्या ओळखीचा आहे. मीच पाठवलं होतं त्याला."

माणसं वळून बघू लागली. विनीला काहीच कळलं नाही, पण रीत ठाऊक होती. तिनं दुसऱ्या हातावरही चणे घातले. काकांनी ते तिसऱ्या जागेवर, बाईंनी पसरलेल्या केळीच्या पानावर नीट ठेवले. स्वतःचे त्यांच्यानं खाववले नाहीत.

मित्रांनो, माझा पाय मोडला, तर विटा लावून मला उभं करता आलं. माझी डागडुजी केलीत, तर उपकार होतील. पण त्याहून एक मागणं मागतो. तुमच्या शेजारी बसणाऱ्याकडे बोट दाखवून कुणी विचारलं, की हा तुमच्या ओळखीचा आहे का, तर तेव्हाच, त्याच्या देखत, हो म्हणा. सुधाकरकाकांनी ते म्हटलं, पण ऐकायला ऑगस्टीन नव्हता. तिसरी जागा रिकामी होती. चणे अंधार पडेपर्यंत तिथंच होते.