खाली खोल्या

आमच्या शाळेच्या कमिटीत पाच माणसं आहेत आणि उसनी घ्यावी अशी अक्कल त्यांतल्या एकाकडेही नाही. त्यात मीही आले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणी समजायला नको.

बेंगळूरच्या शिवाजीनगर बस स्टँडमागे आमची मराठी शाळा, पहिली ते चौथी. मी तिची मुख्याध्यापिका. शहाण्णव साली एकोणसाठ मुलं उरली होती. बहुतेक गलाईवाल्यांची, म्हणजे सांगलीकडून येऊन सोनं-चांदी गाळायची भट्टी लावणाऱ्यांची. तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत चारही वर्ग बसत आणि वरच्या तीन खोल्यांत कबुतरं. त्या वरच्या खोल्या भाड्याने द्याव्यात आणि गळकं छप्पर दुरुस्त करून घ्यावं, म्हणून मार्चमध्ये सभा भरली.

सभेत मी म्हणाले, "अण्णा, त्या खाली खोल्या देऊन टाका की. कशाला ठेवायच्या उगीच?"

आमचे अध्यक्ष गुंडोअण्णा म्हणाले, "सरी, बरं. देऊन टाकू." आणि सेक्रेटरी श्रीकांतने वहीत लिहून घेतलं. श्रीकांत दोन वर्षांपूर्वी पुण्याहून इथल्या कंप्युटर कंपनीत आलेला. मराठी शुद्ध, अक्षर मोत्यासारखं, आणि दोन्हींचा गर्व नाकापर्यंत. मी इतिवृत्त वाचलं आणि सही ठोकली.

सुट्टीत मी बहिणीकडे धारवाडला गेले. एक जूनला परत येऊन बघते, तर माझ्या पहिलीच्या दाराला काच लागलेली, आत गालिचा, आणि वर हातभर पाटी: कंप्युटर क्लास. आमची बाकं वर कबुतरांच्या घाणीत. मी तशीच गुंडोअण्णांच्या घरी गेले आणि श्रीकांतला फोन करून तिथेच बोलावून घेतलं.

"कुणाला विचारून खालच्या खोल्या दिल्या?" मी ओरडले.

"अहल्याबाई, तुम्हीच तर सुचवलंत!" श्रीकांतने वही उघडली. "हे बघा. 'खाली असलेल्या तीन खोल्या भाड्याने द्याव्यात, अशी सूचना मुख्याध्यापिकांनी मांडली.' खाली तुमची सही."

"मग? खाली म्हणजे खालीच ना!"

"तेच म्हणतोय मी! खाली म्हणजे खालीच!"

दोघंही एकच वाक्य ओरडत होतो आणि दोघांनाही समोरचा ठार वेडा वाटत होता. गुंडोअण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि त्यांचा चेहरा पडला. "अय्यो, अक्का," ते म्हणाले, "त्याच्या पुण्यात खाली म्हणजे खालते गं."

आमच्या बेंगळूरच्या मराठी घरांत तीनशे वर्षं रिकाम्याला खाली म्हणतात. कानडीतही तेच. डबा खाली, बस खाली, घर खाली. रिकामी असा शब्द मी मुलांना पुस्तकातून शिकवते, पण बोलताना तो तोंडात येत नाही. मी वहीत रिकाम्या खोल्या वाचल्या, श्रीकांतने तळमजल्याच्या लिहिल्या. पुढे इंग्रजी करारात 'ग्राउंड फ्लोअर' आलं, तेव्हा गुंडोअण्णांनी न वाचता सही केली, कारण आडनावाखाली सही करायची एवढंच त्यांना इंग्रजी कागदाचं कळतं.

"तुला साधं वाटलं नाही रे, की भरलेले वर्ग कोण भाड्याने देईल?" मी विचारलं.

"मला वाटलं, रस्त्यावरच्या खोल्यांना गिऱ्हाईक लवकर मिळतं. तुमचा व्यवहार पक्का आहे असं वाटलं मला." तो खरंच तसं बोलला. मला त्याचं ते मोत्यासारखं अक्षर कुस्करून टाकावंसं वाटलं.

करार पाच वर्षांचा.

एकोणसाठांपैकी अठ्ठावन्न मुलं हुर्रे करत जिना चढली. राहिली चौथीतली हेमलता. तिच्या दोन्ही पायांना पोलिओचे लोखंडी पट्टे. जिना बाहेरून, तेवीस पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. तिचा बाप दामोदर भट्टी सोडून यायचा, तिला खांद्यावरून वर ठेवायचा, आणि साडेचारला पुन्हा उतरवायला यायचा. चौथीत तिच्यासारखी पोर नव्हती. पावकी, निमकी, पाऊणकी घडाघडा म्हणायची, आणि एखादा चुकला की त्याच्याकडे अशी बघायची की तो जागीच दुरुस्त व्हावा.

पण पाढेही बंद झाले. दुसऱ्याच आठवड्यात क्लासचा मॅनेजर वर आला. मुलं एका सुरात पाढे म्हणतात, त्याचा खाली त्रास होतो. मी म्हटलं, एक खोली परत द्या, आम्ही गप्प बसतो. तो हसला. "मॅडम, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." 'थोडं सांभाळून घ्या' हे वाक्य या गावात म्हणणाऱ्याला स्वतः कधी काही सोसावं लागत नाही. मी म्हटलं, मग अंगणात फणसाखाली चौथी बसवते. तर अंगणही करारात त्यांच्याकडे गेलेलं, स्कूटर लावायला. गुंडोअण्णांकडे गेले, तर ते म्हणाले, छप्पर झालं ना दुरुस्त? झालं होतं. त्या नव्या छपराखाली माझी मुलं ओठ मिटून पाढे पुटपुटत होती.

ऑगस्टमध्ये हेमलताला ताप भरला. पाच दिवस आली नाही. सहाव्या दिवशी आली, आणि मधल्या सुट्टीत मी बघितलं, तिने डबा खाल्ला आणि पाण्याची बाटली तशीच दप्तरात ठेवली.

"पाणी का नाही पीत गं?"

तिने दप्तर बंद केलं. शेजारच्या मुलीने सांगितलं, "ती शाळेत पाणी पीतच नाही, बाई. संडास खालती आहे ना."

दोन महिने. दहा ते साडेचार. मी तिच्यासमोर उभी राहून रोज मराठी शिकवत होते, आणि ती तहान दाबून बसली होती. डॉक्टरांनी लघवीचं दुखणं सांगितलं होतं, ते दामोदरने मला सांगितलंही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मीच तिला कडेवर घेऊन उतरवू लागले. माझं वय त्रेपन्न, पोरगी नऊ वर्षांची, वर लोखंड. चौथ्या दिवशी बाराव्या पायरीवर माझा गुडघा लचकला आणि आम्ही दोघी भिंतीला घासत खाली बसलो. ती रडली नाही. तिने माझ्या साडीची माती झटकली. काचेआडून क्लासची पोरं बघत होती, दार एकानेही उघडलं नाही. मी त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या आमच्या कुठल्याच पुस्तकात नाहीत.

सोमवारी दामोदर दाखला मागायला आला. हेमलता त्याच्या खांद्यावर.

"कुठल्या शाळेत घालताय?"

"घरामागच्या कानडी शाळेत, बाई. वर्ग दारातच हाय. संडास बी लागूनच."

"दामोदर, यात तुमची काही चूक नाही. चूक आमची आहे. माझी आहे." हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी म्हटलं.

तो ओशाळला. "तुमची कसली चूक, बाई? तुम्ही तर पोरीला कडेवर घेतली." त्याने रागवायला हवं होतं. मी दिवसभर सगळ्यांवर रागावून फिरत होते, आणि ज्याला खरा हक्क होता तो माझ्यासमोर हात जोडून उभा. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी दाखला लिहायला घेतला. "आता पुढे चौथीतच बसवतील ना?"

दामोदर खाली बघू लागला. "कानडी लिहाय-वाचाय येत न्हाई म्हनत्यात. पहिलीपासनं सुरू करायचं."

माझा हात थांबला. पाऊणकी पाठ असलेली मुलगी पहिलीत. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण हेमलता बापाच्या खांद्यावरून वाकून मलाच समजावू लागली.

"असू दे, बाई. तिथं सगळी बारकी पोरं हायत. त्या वर्गात मीच सगळ्यांत उंच."