चौदा नंबरची मोरी

डॉगवूडची झाडं फुलली की नवऱ्याला, रॉइसला, ओढ्यावर न्यायचं, असं व्हर्नाने डिसेंबरात इस्पितळाच्या खाटेशी बसून कबूल केलं होतं. पक्षाघाताच्या झटक्याने त्याचा उजवा हात लुळा पडला. शब्द राहिले, पण एकेक शब्द लांबून पायी आल्यासारखा उशिरा पोचायचा. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "घरटं... बघायचं."

घरटं म्हणजे बास माशाचं. टायरच्या दुकानामागून, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून वाहणाऱ्या त्या ओढ्याला गावात सगळे गटारच म्हणत. चौतीस वर्षांपूर्वी रॉइस पुलाच्या मोरीशी वाकला आणि त्याला ते दिसलं. एप्रिलमध्ये नर शेपटीने गाळ झाडतो, वाळूत ताटाएवढं गोल अंगण करतो. मादी अंडी घालून निघून जाते. मग तो एकटा, खाणंपिणं सोडून, राखण करतो. त्या दिवसांत दोघं गळ घरी ठेवून नुसती बघायला जात.

एरवी गळाला लागलेला मासाही ती परत सोडत. फोटो काढलाच तर रॉइस मासा सदऱ्याला भिडवून धरे. मागे झाड नको, पूल नको. गळवाले मासा थोडा बघतात, मागचा काठ जास्त, असं तो म्हणायचा.

मार्चमध्ये व्हर्ना एकटीच गेली आणि हातभर लांबीचा मासा लागला. घरी रॉइस आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडलेला. तिने टायरच्या दुकानाच्या हवेच्या पंपाशी आलेल्या एका बाईकडून फोटो काढून घेतला, गळवाल्यांच्या ऑनलाइन पानावर टाकला आणि मित्रांनी लिहिलेलं एकेक त्याला वाचून दाखवलं. तो हसला. त्या हसण्यापुढे तिला दुसरं काही दिसलं नाही. तिच्या खांद्यामागे मोरीच्या काँक्रीटवर रंगवलेला पिवळा चौदा आकडाही नाही.

आज शनिवार. डॉगवूडच्या पाकळ्या पाण्यावरून तरंगत होत्या. रॉइसची चाकाची खुर्ची तिने काठावर सपाट जागी लावली आणि उतारावरून खाली गेली. मोरीपाशी कोल्बी स्टब्ज गळ गुंडाळत होता. लहानपणी तो ती चालवायची त्याच शाळेच्या बसमधून जायचा. खोड्यांपायी वर्षभर पहिल्या बाकावर बसलेला.

"मिस व्हर्ना, अजून तुम्हाला बघितलं की ताठ बसावंसं वाटतं," तो म्हणाला. मग कौतुकाने सांगू लागला. फोटोतला आकडा बघताक्षणी त्याने जागा ओळखली. इथंच तर तो बसची वाट बघायचा. सकाळी घरट्यावरचा नर त्याने धरला होता. मारला नव्हता, छे. पाण्याच्या टाकीत घालून अकरा मैलांवरच्या मामाच्या तळ्यात सोडून आला होता. तिकडे खायला मुबलक.

"परत आण त्याला."

"तळ्यातून तोच कसा शोधू, मिस व्हर्ना?"

तिने पाण्याकडे बोट केलं. अंगणात चपट्या, निळ्या गालांच्या माशांची झुंबड होती, अंडी टिपत. कोल्बीने टोपी काढली, पुन्हा घातली. आपल्याला एवढं कळलं नाही, असं काहीसं पुटपुटत तो चढण चढून गेला.

वरून रॉइसने सगळं पाहिलं होतं.

"कुणी... सांगितलं?"

गावात गळवाले काय कमी आहेत, म्हणता आलं असतं. पाणी आटलं, लोक भटकतात, म्हणता आलं असतं. त्याने विश्वास ठेवला असता. तिच्यावर तो नेहमीच ठेवायचा.

"मी," ती म्हणाली. "ज्याच्याखालचं तुला वाचून दाखवलं ना, तो फोटो. मागे मोरी होती."

त्याने मान फिरवली. टायरच्या दुकानात कुणीतरी हवा भरत होतं. बुटांसकट व्हर्ना पाण्यात उतरली, गुडघाभर, आणि पाणगवताचा जुडगा उपटून माशांना हुसकू लागली. ते पांगत, लगेच परत येत. ती वळायची, पुन्हा हुसकायची. पाकळ्या तिच्या पायांना चिकटत होत्या.

किती वेळ गेला कोण जाणे. तिच्या पाठीला खडा लागला. मग दुसरा, पाण्यात, अंगणाच्या कडेला. मासे उधळले.

रॉइस खुर्चीतून वाकून डाव्या हाताने खडे वेचत होता. नेम त्याचा कधीच डाव्या हाताचा नव्हता.

"जरा... बाजूला," तो म्हणाला.

ती बाजूला झाली. अंडी फुटायला अजून तीन दिवस होते, पिल्लं पांगेपर्यंत त्याहून जास्त, आणि सोमवारी तिला बस चालवायची होती. हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने पुढचा खडा उचलला. तिच्याकडे मात्र अजून पाहिलं नव्हतं.