सिकंदरचं लायसन

मी माफबिफ करणाऱ्यातली नाही, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन गंगेकाठी ह्या ब्रह्मा घाटावर आले तेव्हापासून सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, कालिंदीच्या वाटेला जाऊ नये. सुमंत वाटेला गेला. म्हणजे तो स्वतः नाही, त्याचं जनावर गेलं, पण जनावर पाळलं कोणी?

सुमंत म्हणजे गल्लीच्या टोकाला ज्याचं गेस्टहाउस आहे तो. आमच्यातलाच, मराठी, लहानपणी माझ्या हातचे बेसनाचे लाडू खाऊन वाढलेला. त्याने कुठूनसं एक पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं सिकंदर. बघता बघता ते एवढं थोराड झालं की गल्लीतली कुत्री त्याला पाहून शेपूट घालून घाटाकडे पळायची. पिवळे डोळे, लांब तंगड्या, आणि भुंकणं म्हणून नाही. पानाच्या दुकानावर उभा राहून सुमंत छाती काढून सांगायचा, असली भेड़िए का खून है, अस्सल लांडग्याचं रक्त. व्हिडिओ मात्र कोणाला काढू द्यायचा नाही. शहाणा ना!

कारण नगर निगमचा, म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेचा, नवा नियम आला होता. कुत्र्याला लायसन हवंच, पण लांडग्याचा संकर असलेलं जनावर शहरात घरी ठेवायचंच नाही. असेल तर निगमच्या ताब्यात द्यायचं, आणि खोटं सांगून लायसन काढलं तर मालकावर केस. सुमंत निगममध्ये गेला, जर्मन शेफर्ड म्हणून सांगितलं आणि सिकंदरच्या गळ्यात बिल्ला अडकवून घेऊन आला.

आमचे हे, दत्तात्रेयशास्त्री, पाठशाळेत शुक्ल यजुर्वेद शिकवायचे. आमच्या शाखेत वेद नुसता तोंडाने म्हणत नाहीत. प्रत्येक स्वर उजव्या हाताने दाखवावा लागतो, हात वर, खाली, आडवा. हात नसेल तर पाठ धरतच नाहीत, मग आवाज कितीही गोड असो. यांचा हात इतका सुरेख चालायचा की दुसऱ्या पाठशाळेचे लोक बघायला यायचे. एका सकाळी हे स्नान करून पायऱ्या चढत होते, आणि सुमंतच्या हातून साखळी सुटली. सिकंदरने यांचं उजवं मनगट धरलं ते सोडेचना.

डॉक्टरांनी शिवलं, पण शिरा तुटल्या त्या तुटल्या. बोटं आता उघडत नाहीत. टाके निघाल्यावर हे पाठशाळेत गेले, मुलांसमोर बसले, पहिला मंत्र काढला आणि हात मांडीवर तसाच पडून राहिला. हे उठले, घरी आले, आणि पुन्हा गेले नाहीत. तोंडातून त्यावर एक शब्द नाही. मी दाराआड रडले, आणि रडून झाल्यावर ठरवलं की ह्याची भरपाई सुमंतकडून करून घ्यायचीच.

तो भेटायला आला तो फळांची टोपली घेऊन. म्हणाला, काकांनी काठी उगारली असेल, कुत्रा आहे, चावतो कधीकधी. चोराच्या उलट्या बोंबा! हे तर काठी वापरतच नाहीत. टोपली मी गच्चीवर नेऊन माकडांना वाटली.

मग मी निगममध्ये गेले. तिथे जनावरांच्या डॉक्टर आहेत कस्तुरी म्हणून, आपल्या नागपूरच्या, नवीन बदलून आलेल्या. पोरगी चांगली, ऐकून घेतलं तिने सगळं. म्हणाली, काकू, मी लांबून बघून आले त्याला, मलाही संशय आहे, पण डोळ्यांवरून जात ठरवता येत नाही. रक्त तपासायला मालक तयार नाही, समोर येतच नाही, वकील उभा केलाय. पानाच्या दुकानातल्या गप्पा मी कोर्टात कशा नेऊ? त्याने माझ्यासमोर, चार माणसांत, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं तर मी त्याच दिवशी उचलते.

स्वतःच्या तोंडाने. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. आणि घरी पोचेपर्यंत उत्तरही सापडलं होतं.

सुमंत खोटं बोलतो ते निगममध्ये, पोलिसात, गिऱ्हाइकाशी. तिथे सगळेच बोलतात. पण आमच्या आळीत जन्मलेला माणूस उजव्या तळहातावर गंगा घेऊन संकल्प करताना खोटं बोलत नाही. वाटेल तेवढा लबाड असो, तिथे त्याची जीभ अडते. मुंजीपासून हाडात भिनलेलं असतं ते. आणि सुमंत तर तसा भित्रा. यांचा हात गेल्यापासून गल्लीत कुजबुज होती की वेदपाठी ब्राह्मणाचा हात मोडला, आता ह्याचं काही खरं नाही. त्याच्या गेस्टहाउसचं पाणी आटलं, जिन्यावरून आई पडली, तसा तो आणखी घाबरला.

मी त्याच्या आईला बघायला गेले. डाळिंबं नेली, पाय चेपले. जाता जाता सुमंतला गोडीने म्हटलं, अरे, भैरव अष्टमी आलीय, कुत्रं हे भैरवाचं वाहन, सिकंदरला घाटावर बसवून पूजा घाल. संकल्प यांच्याच हातून सोड. ज्याला लागलं त्यानेच सांगितला तर दोष फिटतो. त्याने वाकून माझ्या पायाला हात लावला. मला लाज वाटली नाही.

यांना विचारलं तेव्हा यांनी नुसती मान डोलावली. मला वाटलं, देवमाणूस, माफ करून बसलाय. म्हणून बाकीचं मी यांना सांगितलंच नाही. कस्तुरीला मात्र प्रसादाचं आमंत्रण दिलं. ती साधी साडी नेसून आली आणि बायकांत बसली. निगमची माणसं आणि पिंजरा मैदागिनच्या मोठ्या रस्त्यावर गाडीत होता, आमच्या गल्लीत हातगाडीसुद्धा अडकते.

अष्टमीच्या सकाळी सिकंदर झेंडूची माळ घालून, साखळीने खांबाला बांधलेला बसला होता. अर्धी आळी जमलेली. सुमंत सोवळं नेसून पाटावर बसला. यांनी डाव्या हाताने त्याच्या तळहातावर पाणी घातलं, अक्षता ठेवल्या, देश झाला, काळ झाला, गोत्र झालं. मग विचारलं, जनावर कोणतं?

सुमंत म्हणाला, "श्वान."

तेवढ्यावर सोडलं असतं तर संपलं होतं. श्वान म्हणजे खोटंही नाही आणि खरंही नाही, मेला बरोबर फटीतून निसटत होता. मी काही बोलणार, तोच यांनी आपला वाळलेला उजवा हात डाव्याने उचलला आणि त्याच्या तळहाताशेजारी आणून ठेवला.

"हातात गंगा आहे, सुमंत. आई कोण, बाप कोण, नीट सांग."

सुमंत आधी त्या हाताकडे बघत राहिला, मग स्वतःच्या तळहातातल्या पाण्याकडे.

"आई शेफर्ड," तो म्हणाला. "बाप लांडगा."

"आणताना ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं, काका."

"लायसन काढताना?"

"तेव्हाही."

यांनी म्हटलं, सोड पाणी. त्याने सोडलं. कस्तुरी उठली, आपलं नाव आणि हुद्दा सांगितला, आणि मोबाइलवर माणसांना बोलावलं.

सुमंत पाटावरून पुढे सरकला. यांचे पाय धरून म्हणाला, काका, सांगा बाईंना, ऐकण्यात चूक झाली, लेकरासारखं वाढवलंय मी त्याला. यांनी पाय मागे घेतले. मग तो माझ्याकडे वळला. काकू, तुम्हाला ठाऊक होतं ह्या कोण आहेत? मी म्हटलं, मीच बोलावलंय तिला. त्याला ते कळायलाच हवं होतं, नाहीतर सगळ्यातली निम्मी मजा गेली असती. सिकंदर पिंजऱ्यात जाईना, सुमंतच्या सोवळ्याचं टोक दातांत धरून बसला. शेवटी सुमंतलाच त्याला आत ढकलावं लागलं. जनावराचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याच्या मालकाचं तिळभर नाही.

घरी आलो. आता बोलणी बसणार म्हणून मी तयारच होते. पूजेच्या नावाखाली सापळा लावलेला, यांच्यासारख्या माणसाला कसं रुचणार? मी पान वाढायला घेतलं.

हे पाटावर बसले आणि म्हणाले, "मला न विचारता केलंस. विचारलं असतंस तर दिवाळीआधीच केलं असतं."

मी भाताची मूद हातात धरून तशीच उभी.

"तो श्वान म्हणाला तेव्हा मी पुढे जाऊ शकत होतो," हे म्हणाले. "कस्तुरीला मी ती आली तेव्हाच ओळखलं होतं, मागे गल्लीच्या टोकाला उभी राहून सिकंदरला न्याहाळताना पाहिलं होतं तिला. कालिंदी, हात गेल्यापासून माझ्या मनात रोज एकच पाठ चालला होता, आणि तो वेदातला नव्हता. आज संपला. वाढ."

मी वाढलं.