धुपाची काजळी

स्वरूपाच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी द्वारकाबाईंनी मुलाला, इंद्रजितला, जुना प्रोजेक्टर लावायला सांगितला. विहिरीवर पाय घसरून लेक गेली, असं तिच्या सासरचे म्हणाले होते. तिच्या डोहाळजेवणाच्या शूटिंगमध्ये तिचा चेहरा एकदा नीट, मोठा दिसावा, एवढंच द्वारकाबाईंना हवं होतं.

पण भिंतीवर चित्र धुरकट येत होतं. इंद्रजितनं खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला, फोकस फिरवून पाहिला. शेवटी पुढची काच पुसली, तर फडकं पिवळं झालं.

"आई, तुझ्या धुपानं केलंय हे. रोज सांजेला हितंच ताईच्या फोटोपुढं धूर करतीस."

"देवा! माज्याच हातानं व्हय?" त्या पुटपुटल्या.

आता चित्र लख्ख आलं. हिरव्या साडीतली स्वरूपा आणि तिला चुडा भरणाऱ्या द्वारकाबाई. लेक हात मागं ओढत होती. "लाजतीया बघा!" असं म्हणत भिंतीवरच्या द्वारकाबाई हसत बायकांकडं वळल्या. तेवढ्यात स्वरूपाची लांब बाही वर सरकली. हातावर बोटांचे काळेनिळे वळ होते. तिनं घाईनं बाही खाली ओढली.

"बंद करू का?" इंद्रजितनं कसंबसं विचारलं.

"न्हाय. जरा मागं घे. हां, हितंच थांबव."

द्वारकाबाई उठून भिंतीपाशी गेल्या आणि लेकीच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला. उजेडातले ते वळ आता त्यांच्या हातावर उमटले होते.