अर्ध्या मॅचचा कौल

शून्य मिनिट

बुली झाली, खेळ सुरू झाला, तेव्हा आम्ही दहाजण होतो.

पाच फॉरवर्ड, तीन हाफ, एक गोली, एक फुलबॅक. डावा फुलबॅक. तो मी, शिवा गुरव. उजव्या फुलबॅकची जागा रिकामी. तिथला माणूस मैदानाच्या कडेला चिऱ्यावर बसलेला, उजव्या गुडघ्याला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. धाकू. पस्तीस मिनिटं झाली की तो आत येणार होता. देवाने त्याला अर्धी मॅच दिली होती.

असं नाही सांगता येणार. मंगळवारपासून सांगतो.

मंगळवार

रत्नागिरीच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, आमचं मैदान. खाली सगळा जांभा. पावसाळा संपला की आम्ही टोपल्यांनी लाल माती आणायचो, खळगे भरायचो, रस्त्याच्या कामावरचा रोलर मागून आणून फिरवायचो. तरी चेंडू कुठे उडेल, कुठे बसेल ते एकट्या धाकूला कळायचं. सकाळी बंदरावर मिठाची पोती उतरवायला जायच्या आधी तो मैदानभर अनवाणी हिंडायचा. पाय ठेवायचा, उचलायचा, पुन्हा ठेवायचा. आम्ही हसायचो.

आदल्या रात्री कुणीतरी चुलीसाठी मैदानातला एक दगड उपटून नेला होता. एकच. त्या सकाळी धाकूला बंदरावर लवकर बोलावलं होतं, म्हणून तो मैदानावर हिंडला नव्हता. संध्याकाळी सरावात तो चेंडू मारायला वळला आणि पाय त्या खड्ड्यात राहिला. धाकू वळला, गुडघा वळला नाही.

मी जवळच होतो. आवाज ऐकला. दाराची कडी सरकावी एवढाच.

गोदूबाई हाडं बसवायची. तिने उंडीचं तेल चोळलं, कामट्या बांधल्या आणि म्हणाली, “एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी माझ्या दारात चालत ये.”

“रविवारी मॅच हाय, गोदूबाय,” धाकू म्हणाला.

“मग रविवारी माझा तेल परत दे.”

सगळे हसले. धाकू हसला नाही. रविवारी काय आहे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दाभोळची टीम येणार होती, ते सोडा. हरिश्चंद्रराव येणार होते. मूळचे देवरूखचे, मुंबईच्या एका गोदीत मोठ्या जागेवर. बर्लिनहून आपली हॉकीची टीम सोनं घेऊन आली त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. मुंबईत जो तो टीम उभी करत होता आणि जो खेळेल त्याला कायमची नोकरी मिळत होती. हरिश्चंद्ररावांनी आमच्या कॅप्टनला, भागोजीला, पत्र टाकलं होतं: तुमचा उजवा फुलबॅक बघायला येतो.

पत्रात बाकी कुणाचा उल्लेख नव्हता. भागोजीने ते चार वेळा वाचून दाखवलं होतं. चारही वेळा नव्हता.

शनिवार

धाकूची आई, मथुराकाकी, म्हणाली, “देव सांगल तर जा. न्हायतर पाय बाहेर टाकलास तर बघ.”

म्हणून कौल.

आमच्या वाडीच्या देवळात माझे वडील गुरव. काशीराम गुरव. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या, देवाच्या दगडी अंगावर एक उजवीकडे, एक डावीकडे चिकटवायची. प्रश्न सांगायचा आणि बसायचं. उजवी पडली तर हो. डावी पडली तर नाही. लोक लग्न ठरवतात, होडी लोटतात, विहीर खणतात ते ह्यावर. हॉकीची मॅच पहिल्यांदाच विचारत होते.

बाबांनी पाकळ्या लावल्या. “बा देवा, ह्या लेकराने उद्याच्या खेळात उतरावं काय?”

डावी. लगेच. वाट बघायलाही लावलं नाही.

“झाला,” मथुराकाकी उठली.

“थांबा काकी,” भागोजी म्हणाला. “सवाल मोठा झाला. जरा लहान करून विचारूया.”

ह्यात नवीन काही नाही. आमच्याकडे देवाशी घासाघीस करतात. बाबांनी पुन्हा विचारलं, “पळणार नाय. नुसता गोल्यासमोर उभा राहील. राहावं काय?”

ह्या वेळी वेळ लागला. मग डावी.

धाकू खांबाला धरून एका पायावर उभा होता. त्याने देवाकडे पाहिलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. आम्ही सात वर्षं एकमेकांच्या बाजूला खेळत होतो. तो पुढे गेला की मी मागे राहायचो, मी गेलो की तो. बोलायला लागायचं नाही.

“अर्धी मॅच विचारा,” धाकू म्हणाला. “पहिला अर्धा बसतो. दुसऱ्याला उतरतो.”

बाबांनी धोतराला हात पुसले. “माझे हात कापतायत. शिवा, तू लाव.”

मी लावल्या. उजवीला पाणी नुसतं दाखवलं. डावी चांगली भिजवली आणि अंगठ्याने दाबली. किती दाबली? तेव्हा वाटलं, थोडीशी. आता त्या अंगठ्याकडे बघतो तर वाटतं, जेवढा जोर होता तेवढा.

उजवी पडली.

भागोजीने आरोळी ठोकली. मथुराकाकीने पदर तोंडाला लावला. मी अंगठा मुठीत घेतला.

नऊ मिनिटं

एकटा फुलबॅक म्हणजे घराला दोन दारं आणि कडी एकाच दाराला. दाभोळच्यांना कळायला नऊ मिनिटं लागली. मग प्रत्येक चेंडू उजवीकडून. मी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. बदली माणूस घ्यायची पद्धत नव्हती. जेवढे उतरले तेवढे. उशिरा आला तर येऊ दे, पण तो त्या अकरातलाच हवा.

हाफ फॉरवर्डवर ओरडत होते, फॉरवर्ड हाफवर. बाबल्या आमचा गोली. तो माझ्यावर.

“शिवा, मेल्या, उजवीकडं कोण तुजा बापूस बघणार?”

“तू कशाला हायस?”

“मी गोल बघू काय तुजी बाजू बघू?”

वीस मिनिटं

गोल. उजवीकडून. मी पोचलो तेव्हा चेंडू बाबल्याच्या मागे होता. दाभोळ एक, आम्ही शून्य.

चिऱ्यावरून धाकू ओरडला, “शिवा, तो लाल पट्टा! तिथं उडतो!” त्याला बसल्या जागेवरून दिसत होतं. मला पायाखालचंही दिसत नव्हतं. त्याच्या पलीकडे खुर्चीवर हरिश्चंद्रराव, डोक्यावर छत्री. ते मॅच बघत नव्हते. धाकूच्या गुडघ्याकडे बघत होते.

बत्तीस मिनिटं

भागोजीने एक टाकला. कसा टाकला विचारू नका, त्यालाही सांगता यायचं नाही. एक-एक.

आणि मला आनंद झाला नाही. मी मोजत होतो. अजून तीन मिनिटं, मग धाकू आत येणार.

मधली पाच मिनिटं

पाण्याची घागर फिरत होती. धाकू कामट्या सोडत होता.

“नको सोडू,” मी म्हणालो.

“कामट्यांनी पळू काय?”

“उतरूच नको.”

 भागोजीने घागर खाली ठेवली. “काय झाला तुला? एक-एक हाय. देवान दिलाय.”

“देवान नाय दिला.”

हे वाक्य बोललं तर काय होईल हे मला रात्रभर माहीत होतं. कौल खोटा लावणाऱ्या गुरवाच्या घरात पुन्हा कुणी प्रश्न घेऊन येणार नाही. बाबांच्या आधी त्यांचे वडील, त्यांच्या आधी त्यांचे. सगळे त्या दोन पाकळ्यांवर उभे. तरी बोललो.

“मी डावी पाकळी दाबून लावली. अंगठ्यानं. उजवी नुसती टेकवली. ती पडणारच होती.”

 मी वाट बघत होतो, कुणीतरी मारील. मला कुणीतरी मारायला हवं होतं.

बाबल्या हसला. “हात तुझ्या! मला वाटला काय सांगतोय.”

“अरे, मी खोटा कौल...”

“तू कोण रे लावणारा?” भागोजी म्हणाला. रागाने नाही, लहान मुलाला सांगावं तसं. “देवाला नको असता तर तुझ्या अंगठ्याची काय ताकद होती? दाबलीस म्हणतोस. दाबायची बुद्धी तुला कुणी दिली?”

“मी दिली. मला. मीच.”

“बघा, आता हा देवापेक्षा मोठा झाला.”

नऊ माणसं हसली. खरोखर हसली. घामाने चिकटलेली, दमलेली, आणि माझ्यावर हसून त्यांच्यात जीव आला. मी धाकूकडे वळलो. तो हसत नव्हता. शेवटची कामटी त्याच्या हातात होती.

“धाकू, तुला तरी कळतंय ना?”

“मला तेव्हाच कळला,” तो हळू म्हणाला. “तुझा नख पांढरा झाला होता.”

“मग?”

“मग काय? तिकडं छत्री दिसते ना तुला? ती परत यायची नाय.” त्याने कामटी माझ्या हातात दिली. “तू माझ्या बाजूला पळ. मी तुला सांगतो कुठं.”

छत्तीस मिनिटं

अकरा.

छत्तीस ते त्रेसष्ट

ही सत्तावीस मिनिटं मला एका दमात सांगायची आहेत कारण ती तशीच गेली, धाकू उजवीकडे उभा, खांबासारखा, आणि नुसता बोलत होता, डावीकडं, मागं ये, सोड, हा बसणार, आता जा, आणि मी जात होतो, मी त्याचे पाय होतो, दाभोळचा पुढचा पोरगा चेंडू घेऊन आला की धाकू सांगायचा दोन पावलं थांब आणि दोन पावलांवर चेंडू खळग्यात उडायचा आणि माझ्या स्टिकवर यायचा, आमची स्टिक होड्या बांधणाऱ्या सुताराने केलेली, जड, चेंडू असा जायचा की प्रेक्षक मान फिरवायचे, एकदा, दोनदा, सातदा, फॉरवर्ड पुन्हा फॉरवर्डसारखे खेळायला लागले, बाबल्या गोलात बसून गाणं म्हणायला लागला, आणि हरिश्चंद्ररावांनी छत्री मिटली आणि ते उभे राहिले, आणि माझ्या मनात आलं, असू दे, भागोजी म्हणतो तसं असू दे, अंगठा माझा नव्हता.

चौसष्ट

मी डाव्या कोपऱ्यात होतो. लांब. चेंडू उजवीकडे आला, धाकूकडे, वेगात.

“सोड!” मी ओरडलो. “बाबल्या बघतो! सोड!”

चेंडू त्या लाल पट्ट्यावर उडाला. धाकूला माहीत होतं तो उडणार. त्याने स्टिक आधीच उचलली होती. त्याने जोरात मारला, अर्ध्या मैदानापार, आणि मारताना तो वळला.

ह्या वेळी कडी सरकली नाही. ह्या वेळी दारच निखळलं.

मॅच एक-एक सुटली. शेवटची सहा मिनिटं आम्ही पुन्हा दहाजण होतो आणि कुणीच कुणावर ओरडलं नाही.

हरिश्चंद्रराव मैदानात आले. धाकूला झोपवलं होतं तिथे वाकले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “शेवटचा फटका नामी होता हो,” म्हणाले. मग भागोजीला विचारलं, “वय काय ह्याचं?”

“एकोणीस.”

त्यांनी मान हलवली आणि मोटार गाठायला गेले. जाता जाता थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, “डावा तू ना? पत्र टाक मला.”

धाकूने ऐकलं. मी बघितलं की त्याने ऐकलं.

सोमवार

मथुराकाकी सकाळीच देवळात आली. गोदूबाईने रात्री पाय चाचपला होता आणि काही बोलली नव्हती, हसण्यासारखंही नाही. धाकूला खाटेवर घालून आणलं होतं. खाट अंगणात होती, सावलीत.

“विचार,” काकी बाबांना म्हणाली. “चालंल काय माझा लेक?”

बाबांनी पाकळ्या पाण्यात घातल्या. मग शनिवारसारखेच हात पुसले आणि वाटी माझ्यापुढे धरली.

मी हात पाठीमागे नेले.

“लाव,” बाबा म्हणाले.

“तुम्ही लावा.”

“माझे हात कापतात.”

“बाबा, शनिवारी कापत नव्हते.”

हे मला आधी माहीत नव्हतं. बोलल्यावर कळलं. शनिवारीही त्यांनी वाटी आतासारखीच धरली होती, थेंब न सांडता, स्थिर.  मग त्यांनी मान खाली घातली आणि स्वतः पाकळ्या लावल्या. दोन्ही सारख्या. बोटाच्या टोकाने. प्रश्न सांगितला. 

आम्ही बसलो. काकी, बाबा, मी. गाभाऱ्यात पाणी ठिबकत होतं.

उजवी हलली नाही. डावीही नाही.

अंगणातून धाकू ओरडला, “शिवा! काय झाला?”

“नाय पडली अजून.”

“कुठली?”

“कुठलीच.”

जरा वेळाने पुन्हा, “शिवा! ह्या खेपेस अंगठा नको हां!”

काकीने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही. मी उठून बाहेर आलो. खिशात पोस्टाचं कार्ड होतं, कोरं, सकाळी घेतलेलं. ते मी धाकूच्या हातात दिलं.

“हे काय?”

“हरिश्चंद्ररावांना पत्र. तू लिही.”

“काय लिहू?”

“तुला कळतंय ते. चेंडू कुठं उडतो, कुठं बसतो. टीमला असा माणूस लागतो. पळायला बाकीचे दहा असतात.”

त्याने कार्ड उलटं केलं, सुलटं केलं.

“आणि तुझं?”

“माझं नाय टाकत.”

“मेल्या, आता उपकार करतोस होय?”

“मी अंगठा दाबला तेव्हा नाही विचारलंस, उपकार करतोस काय ते.”

त्याने कार्ड माझ्या तोंडावर फेकलं. ते खाटेखाली पडलं. मी वाकून काढलं आणि पुन्हा त्याच्या छातीवर ठेवलं. त्याने पुन्हा फेकलं. तिसऱ्यांदा त्याने ते तसंच राहू दिलं, आणि डोळे मिटून म्हणाला, “पेन्सिल आण.”

मी देवळात शिरलो तेव्हा पाकळ्या अजून जागेवर होत्या. काकी हात जोडून तशीच. मी बाबांच्या पोथीतली पेन्सिल घेतली आणि पाकळ्यांकडे न बघता बाहेर आलो.